गैरहजर नव्हतीस, जिन्यात होतीस

१९७४ साल. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि ज्वारीचं भरलं पोतं एकट्यानं पाठीवर घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढत होतो. हमाल विचारायचे, "मालक, हात लावू का?" मी म्हणायचो, "लाव आणि बघ." कुणी लावायचं नाही. त्याच साली, निले, तू सतरा वर्षांची, मॅट्रिक पास होऊन कॉलेजात गेलीस आणि थोरल्या भावाचा माज उतरवायचं काम हातात घेतलंस. पुढं जन्मभर तू ते करत राहिलीस. पुरतं झालं नाही. गेल्या सोमवारी तू गेलीस तेव्हा निम्मा माज अजून शिल्लक होता.

हे मी माझ्या हातानं लिहितोय. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी मोबाईलवर लिहिते." नको म्हणालो. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर कसं असतं ते तुला ठाऊकच आहे. तू म्हणायचीस, अण्णाच्या ओळी म्हणजे चरायला सोडलेल्या म्हशी, जिला जिकडं वाटेल तिकडं चालली. चालू दे. आता लाल पेन घेऊन तपासायला तू नाहीस, म्हणून मी वाटेल तसं लिहिणार.

भेटायला येणारे म्हणतात, "नीलाबाई स्वभावानं लई शांत होत्या." मी मान हलवतो. शांत! आपली आई, अव्वा, आज असती तर हसून हसून चुलीत पडली असती.

तुझ्या पायातनं वारं गेलं तेव्हा तू नुकती भिंत धरून चालायला लागली होतीस. डॉक्टर पोलिओ म्हणाले, अव्वा वारं म्हणाली, अप्पा मिरजेला जाऊन पायाला बांधायचा लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घेऊन आले. पुढं अप्पा गेले आणि तुला शाळेत सोडायचं काम माझ्याकडं आलं. सायकलच्या कॅरेजवर तू बसायचीस, कॅलिपरचा पाय बाजूला सरळ बाहेर. सात रस्त्याच्या चौकात तो पाय बघून टांगेवालासुद्धा बाजूला व्हायचा. तू मागनं ओरडायचीस, "सरका, सरका, इंजिन आलंय!" हीच का ती शांत नीलाबाई?

तुझी शाळा मला आवडायची. अजून आवडते, आणि यावरनं आपलं भांडण कधी मिटलं नाही. तिथं कुणाला काही सांगावं लागलं नाही. मोठ्या बाईंनी तुला बघितलं आणि सगळं आपणहून केलं. तू आठवीत गेलीस तर माडीवरची आठवी खाली आली. नववीत गेलीस, नववी खाली आली. पोरी म्हणायच्या, नीला जाईल तिथं वर्ग जातो. शिपाईण गंगव्वा दारातनं तुझं दप्तर घ्यायची. प्रार्थनेला तुला खुर्ची, परीक्षेला पाय ठेवायला दुसरा बाक. आमच्या घरातनं कुणी कधी अर्ज केला नाही, विनंती केली नाही. तेव्हा कायदा वगैरे काही नव्हता. बाईंची माया होती, तिच्यावर चाललं.

मी हे कुणाकुणाला कौतुकानं सांगायचो, तेव्हा तू नाक मुरडायचीस.

"अण्णा, गॅदरिंगचं सांग की."

"काय गॅदरिंगचं? पहिल्या रांगेत बसवलं होतं की तुला."

"तेच तर. बाईंनी सगळ्या पोरींना विचारलं, नाटकात कोण काम करणार. माझ्यापाशी आल्या, गालाला हात लावला आणि म्हणाल्या, नीला पहिल्या रांगेत बसून बघणार हं. मला राणीचं काम पायजे होतं. राणी तर बसूनच असती की!"

"मग सांगायचं होतंस."

"कसं सांगू? सांगायची सवयच न्हवती. सगळं आधीच हातात यायचं. मला पायजे ते सोडून."

हे तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी म्हणालो होतो, लोकांना मिळत नाही आणि हिला मिळालेलं टोचतंय. आजही साधारण तेच म्हणतो. पण राणीचं काम तुला द्यायला पाहिजे होतं, एवढं खरं. तू चांगलं दटावलं असतंस सगळ्या दरबाराला.

मग कॉलेज.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून तुला सोडायला आलो. तुझा वर्ग माडीवर. जिना दगडी, उंच पायऱ्यांचा, कठडा एकाच बाजूला. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मोठ्या बाई नाहीत, गंगव्वा नाही. पोरं धडाधड वर चाललेली. कुणी थांबून बघेना. मी काय केलं? सरळ तुला पाठुंगळी घेतलं आणि चढलो. पोत्याची सवय होतीच. वर जाऊन तुला बाकावर ठेवलं, घाम पुसला, आणि माझ्या मते लई झोकात काम झालं होतं. तुझं तोंड लाल झालेलं. तू दात आवळून हळूच म्हणालीस, "अण्णा, मी ज्वारी न्हाय."

दुसऱ्या दिवसापासनं तू मला फाटकाच्या आत येऊ दिलं नाहीस. सायकल बाहेर, मी बाहेर. आत काय चाललंय, मला पत्ता नाही. घरी विचारलं की म्हणायचीस, "बरं चाललंय." असं सहा महिने बरं चाललं.

डिसेंबरात एकदा पद्मा घरी आली. तुझ्या वर्गातली, पूर्व भागातल्या चादरी विणणाऱ्यांची पोर. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि तोंड दुखेपर्यंत बोलणारी. तू न्हाणीत होतीस तेवढ्यात तिनं अव्वाला सगळं सांगून टाकलं. कॉलेजात एक तास माडीवर, दुसरा खाली, तिसरा परत माडीवर. घंटा झाली की पोरं पळतात. तू जिन्यात असतानाच वर हजेरी होऊन जाते. तू दारात पोचतेस तोवर सरांनी हजेरीपट मिटलेला. रोज. आता बोर्डावर नावं लागली होती, हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू देणार नाहीत त्यांची. त्यात तुझं नाव होतं.

अव्वाचा निरोप आला तसा मी दुकान तसंच टाकून कॉलेजात गेलो. प्रिन्सिपॉलच्या खोलीत शिरलो. साहेब चष्मा काढून बसले होते. मी म्हणालो, "माझी बहीण मेहनतीनं जिना चढती आणि तुमी तिला गैरहजर लावता? शाळेत तिच्यासाठी वर्ग खाली यायचे. तुमच्यात माणुसकी हाय का न्हाय?"

साहेब चिडले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, "बसा. तुमची बहीण बोलते ना?"

"बोलती की. लई बोलती."

"मग सहा महिन्यांत ती माझ्याकडे एकदाही का आली नाही? हजार मुलं आहेत. कुणाला काय अडचण आहे ते मला दिसणार नाही. शाळेत पालक बोलतात, मोठ्या बाई बघतात. इथं विद्यार्थ्यानं स्वतः यायचं आणि मला हे हवंय म्हणून सांगायचं. तिला पाठवा. तुम्ही नका येऊ."

तुम्ही नका येऊ! मला! मी उठलो, खुर्ची मागं सरकवली ती पडली, ती उचलली, नीट ठेवली आणि निघालो. खुर्ची उचलायला नको होती, रागाचा सगळा दिमाख गेला.

घरी येऊन मी फर्मान काढलं. उद्यापासनं कॉलेज बंद. तू दारात उभी, कुबडी भिंतीला. पद्मा अजून गेली नव्हती, ती भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसली.

"अण्णा, मी विचारते की साहेबांना."

"न्हाय विचारायचं. आपल्या घरात कुणी कुणापुढं हात पसरला न्हाय. अप्पांनी न्हाय, मी न्हाय. त्यांना दिसत न्हाय तर आपल्याला बी नको."

"म्हंजे परीक्षा न्हाय?"

"न्हाय."

"म्हंजे मी घरात बसून काय करू? पोत्यांची हजेरी घेऊ?"

"साकु!" अव्वा ओरडली. तिला कन्नड सुचलं की समजायचं, आता बोलणं बंद. "आधी जेवा दोघं बी."

तू जेवली नाहीस. मी जेवलो. मला राग आला की भूक लागते, त्याला मी काय करू?

निले, तेव्हा मी घरचा कर्ता होतो. माझा शब्द शेवटचा होता, आणि मी तो दिला होता. त्या संध्याकाळी तू काठीच्या सरावाला कट्ट्यावर येऊन बसली नसतीस, तर तुझं शिक्षण तिथं संपलं होतं. हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक होतं, आणि आपण दोघांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही.

हे कुणी बाहेरगावच्यानं वाचलं, तर त्याच्यासाठी सांगतो. आमच्या सोलापुरात संक्रांतीच्या यात्रेला नंदीध्वज निघतात. आम्ही काठ्या म्हणतो. माडीच्याही वर जाईल एवढी उंच काठी, आणि ती एकटा माणूस पेलतो. कमरेच्या पट्ट्यात बुंधा ठेवायचा, दोन्ही हातांनी सावरायचं आणि चालायचं. बाकीचे भोवती असतात. पोटरीत गोळे येतात, घामानं डोळे चुरचुरतात, वर बघायचं सोडायचं नाही. त्यासाठी महिनाभर आधी गल्लीत सराव चालतो. आमच्या सरावात एक शिस्त होती. पेलणाऱ्यानं "घ्या" म्हटल्याशिवाय कुणी काठीला हात घालायचा नाही. भोवतालच्यांनी तयार राहायचं, डोळा ठेवायचा, पण हात मागं. कारण काठीचा तोल पेलणाऱ्याच्या कमरेत असतो. बाहेरच्याला तो दिसत नाही.

त्या संध्याकाळी मी काठी घेतली. डोक्यात साहेब, पोटात भाकरी. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत बरा गेलो. वळताना काठी जरा डुलली. मी सावरणार, तेवढ्यात सरावाला नवीनच आलेल्या एका भल्या माणसानं मदत म्हणून हात घातला. काठी गेली की दुसऱ्या बाजूला! बायका ओरडल्या. मी कसंबसं गुडघ्यात वाकून तोल घेतला आणि त्याच्यावर असा खेकसलो की कट्ट्यावरची कुत्री उठून गेली.

"तुला सांगितलं का? मी म्हणीन तवा हात घाल! मी म्हणायच्या आधी घालायचा न्हाय!"

तो बिचारा, "अण्णा, पडाल म्हणून..."

"पडीन न्हायतर राहीन! माझा तोल मला कळतो!"

पुढं चार घरं गेलो. पोटरी धरली. मी मोठ्यानं म्हणालो, "घ्या!" लगेच चौघांनी धरली, दुसऱ्यानं पट्टा बांधला, काठी त्याच्याकडं गेली. मी पाणी पीत कट्ट्यावर आलो तर तू हसत होतीस. ओठ दाबून नाही, चांगली खदाखदा.

"काय झालं हसायला?"

"अण्णा, आत्ता तू हात पसरलास की!"

"कुणी?"

"तू. सगळ्या गल्लीसमोर. घ्या म्हणालास."

"ती शिस्त हाय. त्याला हात पसरणं म्हणत्यात काय?"

"मग मी साहेबांना घ्या म्हणाले तर ते काय? आणि त्या बिचाऱ्यावर का खेकसलास? तो तर माझ्या शाळेसारखाच वागला की. न सांगता, मायेनं हात घातला. माझा तोल मलाच कळत न्हवता अकरावीपर्यंत. आता कॉलेजात सगळे हात मागं घेऊन उभे हायत, मी म्हणायची वाट बघत. आणि तू मला म्हणूच देत न्हाईस."

मी म्हणालो, "घरी चल, थंडी पडली." ती तुझी जीत होती, असं मी तेव्हा म्हणालो नाही. आजही म्हणत नाही. पण सकाळी सायकल काढली आणि कॉलेजच्या रस्त्याला वळवली. तू मागं बसलीस. इंजिन आलंय असं ओरडली नाहीस. तोंडातल्या तोंडात घोकत होतीस, काय बोलायचं ते.

फाटकात तू मला बजावलंस, "आत ये, पण बाकावर बस. एक शब्द बोललास तर मी परत कधी तुझ्या सायकलवर बसणार न्हाय."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं. तुझी पाठ दिसत होती, कुबडी आणि वेणी. पहिल्यांदा तुझा आवाज एवढा बारीक आला की मी उठायलाच निघालो होतो. मग साहेब म्हणाले, "मोठ्यानं सांग. मला तू काय म्हणतेस ते ऐकायचंय." आणि तू सांगितलंस. आधी खाली बघून, मग वर बघून. माडीवरचे तास खाली घेता येतील का? सगळे नाही जमले तर जमतील तेवढे. वर जायला मला उशीर होतो, तर हजेरी तास संपताना घेता येईल का? मदत लागली तर मी वर्गातल्या मुलींना सांगेन, ते माझं मी बघते.

साहेब म्हणाले, "पुढचं बघता येईल. पण झालेल्या गैरहजेऱ्यांचं काय? त्या पटावर आहेत."

तू कुबडी नीट टेकवलीस. मी बाहेर बाकाची कड धरून बसलेलो.

"सर, मी गैरहजर नव्हते. मी जिन्यात होते. जिना कॉलेजचाच आहे ना?"

मग साहेब असे हसले की शिपाई आत डोकावला. मला बाहेर बाकावर हसूही येईना आणि बोलायचीही बंदी. मी नुसती मांडी थोपटत बसलो.

सगळं मिळालं नाही, हेही लिहायला पाहिजे, नाहीतर तू वरनं म्हणशील अण्णा फुगवून सांगतो. दोन सर खाली शिकवायला कबूल झाले. अर्थशास्त्राचे सर नाही म्हणाले, त्यांना म्हणे माडीवरचाच फळा लागायचा. तो तास तू चढूनच केलास. पण तास संपताना हजेरी घ्यायचं त्यांनी मानलं, आणि जिन्यातल्या गैरहजेऱ्या साहेबांनी सरांना विचारून हजेऱ्या केल्या. तू परीक्षेला बसलीस.

आणि चढायचं तू कसं शिकवलंस पोरींना! मी फाटकातनं बघितलं होतं एकदा. पद्मा प्रेमानं तुझ्या बगलेत हात घालायला आली तर तू कुबडीनंच तिला थांबवलंस. "बगलेत न्हाय गं, मी उचलली जाते आणि पाय सुटतो. तू फक्त कोपर दे. मी धरते. आणि माझ्यापेक्षा एक पायरी मागं राहा." पद्मा म्हणाली, "अग्गो बाई, हिला मदत करायची म्हणजे परीक्षाच हाय!" पण महिन्याभरात वर्गातल्या सगळ्या पोरींना यायला लागलं. कुणाला सांगावं लागेना. तू नुसतं "कोपर" म्हणायचीस.

त्या जानेवारीत यात्रेला तू आणि पद्मा रस्त्याच्या कडेला उभ्या होता. हर्र बोला हर्रचा गजर चाललेला, मी बाराबंदी घालून काठी पेलत आलो. तुझ्यासमोर आलो आणि मोठ्यानं म्हणालो, "घ्या!" तू टाळ्या पिटल्यास. पुढं प्रत्येक संक्रांतीला तिळगूळ देताना तू तेच काढायचीस, "माझ्यापुढं येऊन दमला होतास की नाही?" निले, मी दमलो नव्हतो. पुढच्या चौकापर्यंत आरामात गेलो असतो. तुझ्यासमोर म्हणायचं म्हणून म्हणालो. हे तुला कधी सांगितलं नाही. एवढ्या वेळा तिळगूळ खाल्ला, एकदाही नाही.

पुढं तू मोडनिंबला शाळेत मास्तरीण झालीस आणि आपलं भांडण पत्रातनं, मग फोनवरनं चालू राहिलं. मी म्हणायचो, शाळाच बरी, कुणी आपणहून बघतं. तू म्हणायचीस, कॉलेजच बरं, आपलं तोंड आपल्याला सापडतं. मी म्हणायचो, शाळेत माया होती, कॉलेजात नुसता नियम. तू म्हणायचीस, "नियमाशी भांडता येतं, अण्णा. मायेशी कसं भांडू? मोठ्या बाईंशी राणीच्या कामावरनं भांडले असते तर मीच कृतघ्न ठरले असते." आता कॉलेजात उतार झाले, लिफ्ट झाली, कायदाही झाला म्हणतात. मी तुला पेपर वाचून दाखवला तर म्हणालीस, "चांगलं झालं. पण कायदा बी जाऊन विचारायला लागतो."

एकदा मात्र मी तुला अडवलं होतं. मी म्हणालो, "तू बोलकी. तुला जमलं. जिला तोंडच न्हाय, जी लाजती, भिती, तिनं काय करायचं? जिन्यातच बसायचं?" तू फोनवर गप्प झालीस. मग म्हणालीस, "त्यावर माझा विचार चाललाय." मला लई आनंद झाला. दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना सांगितलं, बहिणीला गप्प केलं. त्यानंतर अनेकदा विचारलं, झाला का विचार? तू विषय बदलायचीस. मी धरून चाललो की उत्तर नाही तुझ्याकडं.

शेवटचं भांडण गेल्या महिन्यातलं. माझे गुडघे गेल्यापासनं मी दुकानात जायचं सोडलं. लोकांना सांगायचो, दुकानात आता काय राहिलंय, पोरगा बघतो. सगळ्यांनी मानलं. तू नाही.

"खोटं बोलतोस. पायऱ्या उंच हायत."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? त्याच पायऱ्या पोतं घेऊन चढायचास. आता रिकाम्या अंगानं चढवत न्हाय, म्हणून घरात बसलायस. शेजारच्या करीमला म्हण की, कोपर दे."

"मी? भर बाजारात?"

"मग बस. तू जिन्यात अडकलायस, अण्णा. तुझी हजेरी कोण लावणार?"

मी फोन ठेवून दिला. तू परत केला नाहीस, मीही केला नाही. दोघांना वाटलं, दुसरा करेल. आपली जातच तशी. मग सोमवारी तुझ्या घरनं फोन आला, तो तुझा नव्हता.

तुला माती दिली. माणसं येत राहिली, जात राहिली. गुरुवारी संध्याकाळी एक जण आला. पन्नाशीचा असेल, जाड भिंगांचा चष्मा, हातात केळी. म्हणाला, मोडनिंबला बाईंच्या वर्गात होतो. मी म्हणालो, बसा. तो म्हणाला, "मला लहानपणापासनं डोळ्यांनी कमी दिसतं. सगळे मास्तर मला पहिल्या बाकावर बसवायचे. तिथनं बी फळा दिसायचा नाही. पण एवढं पुढं बसवलंय, आता अजून काय म्हणायचं, म्हणून गप्प राहायचो."

"मग बाईंनी काय केलं?"

"बाईंनी काहीच केलं नाही. विचारलं. तास संपला की माझ्यापाशी यायच्या आणि हळूच म्हणायच्या, तुला काय पायजे? मी म्हणायचो, काही नाही बाई. बरं म्हणायच्या आणि जायच्या. परत दुसऱ्या दिवशी, तुला काय पायजे? रागवायच्या नाहीत, सोडायच्याही नाहीत. सगळा पावसाळा असा गेला. मग एकदा माझ्या तोंडातनं निघालं, बाई, फळ्यावर लिहिता तवा तोंडानं बी म्हणा. बस. त्या दिवसापासनं बाई लिहिता लिहिता बोलायच्या. गणित, भूगोल, सगळं. वर्गातल्या बाकीच्यांना बी सोपं झालं." मग तो हसला. "आता मी ग्रामपंचायतीत असतो. मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त मीच बोलतो. लोक वैतागतात."

मी त्याला दोनदा चहा पाजला. तो नको म्हणत होता.

म्हणजे उत्तर होतं तुझ्याकडं, निले! एवढी वर्षं होतं, आणि मला सांगितलं नाहीस. का? मी दुकानात जाऊन मिरवीन म्हणून? मिरवलं असतंच. कारण त्यात निम्मं माझंच निघालं. कुणीतरी आधी जवळ यायला पाहिजे, हे माझं. पण हात घालायच्या आधी विचारायचं आणि समोरचा बोलेपर्यंत थांबायचं, हे तुझं. बरोबरी झाली. तू म्हणशील, "निम्मं कुटलं अण्णा, पाव." बरं, पाव. मेलेल्या माणसाशी किती घासाघीस करायची?

रडलो मी त्या संध्याकाळी. पण मध्येच तो जिना आठवला, साहेबांचा हसण्याचा आवाज आठवला, आणि हसू आलं. सून घाबरली. म्हणाली, "मामंजी, बरं हाय न्हवं?" म्हणालो, "बरं हाय. माझी बहीण जिन्यात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, इस्त्रीचा सदरा घातला आणि रिक्षा करून बाजारात गेलो. दुकानासमोर उतरलो. पायऱ्या तशाच, दगडी, उंच. पोरगा अजून यायचा होता. हमाल आले होते, ते बघत होते. शेजारी करीमचं दोरखंडाचं दुकान. तो शटर वर करत होता. मी पायऱ्यांच्या खाली उभा राहिलो, वर बघितलं आणि गल्लीत काठी पेलताना ओरडायचो तसा, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलो, "घ्या!"

करीम पळत आला. "क्या हुआ अण्णा? इत्ते दिनां के बाद आये, ज्वारी का पोता किदर है?" आणि त्यानं घाईघाईनं माझ्या बगलेत हात घातला.

"बगलेत न्हाय," मी म्हणालो. "कोपर दे. मी धरतो. आणि एक पायरी मागं राहा."

त्यानं कोपर दिलं. मी धरलं आणि चढलो.